बेदुइनांची अब्रू : पोलीस नसलेल्या वाळवंटातला कायदा



भूगोलात वाळवंट शिकवताना बेदुइन लोक येतात. उंट, खजूर, काळा तंबू, भटकं जीवन एवढं सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मुलांनी सिनेमात मात्र तलवारी आणि सूड पाहिलेला असतो. मग एखादं चुणचुणीत मूल विचारतं, "तिथे पोलीस नव्हते, तर लोक एकमेकांना लुटून का टाकत नव्हते?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर बेदुइनांच्या अब्रूच्या कल्पनेत आहे.

आधी परिस्थिती समजून घेऊ

अरबीत 'बादिया' म्हणजे ओसाड, माळरानी मुलूख. तिथे राहणारा तो 'बदवी', त्यावरूनच 'बेदुइन'. अरबस्तान, जॉर्डन, सीरिया, इराक, नेगेव्ह, सिनाई, इजिप्त, लिबिया एवढ्या मोठ्या पट्ट्यात या टोळ्या पसरल्या. पाऊस कमी आणि लहरी, त्यामुळे चाऱ्यामागे जनावरं आणि जनावरांमागे माणसं. राजाचा हुकूम शहराच्या वेशीपर्यंत; पुढे कोर्ट नाही, चौकी नाही, लेखी करारही नाही.

अशा ठिकाणी अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा? त्याच्या नावावरून. अमुक माणूस शब्द पाळतो, तमुक घराण्याच्या तंबूत पाहुणा सुरक्षित असतो, ही माहिती विहिरीवर, बाजारात, कवितेतून सगळीकडे पोचायची. म्हणजे अब्रू हेच ओळखपत्र आणि अब्रू हाच जामीन. ती गेली की अडचणीच्या वेळी कोणी उभं राहणार नाही, आणि वाळवंटात एकटा पडलेला माणूस जगत नाही.

पाहुणा आणि मीठ

तंबूत आलेल्या पाहुण्याला तीन दिवस खाऊपिऊ घालायचं, ही सर्वत्र सांगितली जाणारी रीत. यजमानाचं अन्न पोटात आहे तोवर त्याच्या जिवाची जबाबदारीही यजमानाची. आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतात, तिथे ते बंधन यजमानावरही आहे. कारण सरळ आहे. आज तुमच्या दारात तहानलेला आला, उद्या त्याच्या दारात तुम्ही असाल.

कॉफीलासुद्धा नियम आहेत. बिनदांड्याच्या छोट्या पेल्यात थोडीशीच ओततात, उजव्या हाताने देतात. पुरे झालं की पाहुणा पेला हलवून खूण करतो. जॉर्डनमध्ये काही मागायला आलेला पाहुणा पेला न पिता समोर ठेवतो. यजमानाने मागणी मान्य केल्यावरच तो पितो. पाहुणा कॉफी न पिता उठला तर ती यजमानाची नाचक्की.

आपल्याला गोष्टींतून माहीत असलेला हातिमताई मूळचा याच जगातला. तय्यी टोळीतला हा सहाव्या शतकातला कवी. घरात काही नसताना पाहुण्यांसाठी त्याने स्वतःचा घोडा कापला, अशी कथा सांगतात.

'दाखल' झालेला माणूस

आता शब्दांची गंमत बघा. आपण मुलाला शाळेत 'दाखल' करतो, शाळा सोडताना 'दाखला' घेतो. हे शब्द 'आत येणं' या अर्थाच्या अरबी धातूपासून आले. त्याच धातूचा बेदुइनांमधला शब्द 'दखील', म्हणजे आसऱ्यासाठी तंबूत शिरलेला माणूस. तो गुन्हेगार असला, अगदी वैरी असला तरी तंबूवाल्याने त्याला वाचवायचं. म्हणून त्याचा गुन्हा माफ झाला असं नाही. फक्त रागाच्या भरात खून पडू नये आणि बोलणी व्हावीत, एवढी उसंत मिळते. तंबूत घुसून दखीलला कोणी हात लावला, तर तो तंबूवाल्याचा अपमान ठरतो आणि त्याची वेगळी भरपाई द्यावी लागते.

आपल्या 'भीडमुर्वत' मधली 'मुर्वत' सुद्धा अरबीच. मूळ शब्द 'मुरूव्वा', म्हणजे मर्दपणा : शौर्य, औदार्य, संयम, दिलेला शब्द पाळणं हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे येता येता त्यातला संकोच तेवढा उरला!

चेहरा गहाण ठेवणं

दोन पक्षांत तडजोड झाली की तिसरा माणूस जामीन राहतो. तो आपला 'वज्ह', म्हणजे चेहरा, मध्ये घालतो. कोणी तडजोड मोडली तर त्याने जामीनदाराचा 'चेहरा कापला' असं म्हणतात आणि त्याची भरपाई जामीनदाराला द्यावी लागते. फ्रँक स्ट्युअर्ट या अभ्यासकाने सिनाईमधल्या बेदुइनांचा हा कायदा बारकाईने नोंदवला आहे. अब्रू ही नुसती मनातली भावना नसून मागता येण्याजोगा हक्क आहे, असं तो दाखवतो. शब्द पाळणाऱ्याला 'देव तुझं तोंड उजळ करो' म्हणतात; मोडणाऱ्याचं तोंड काळं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

खुनाची जबाबदारी

खून झाला तर जबाबदारी एकट्या खुन्याची नसते. बापाकडून पाच पिढ्यांपर्यंतचे पुरुष नातेवाईक, म्हणजे 'खम्सा' (खम्सा म्हणजे पाच), मिळून जबाबदार. सूड त्यांच्यापैकी कोणावरही उगवू शकतो, म्हणून घरातल्या तापट पोरांना आवरणं हे सगळ्यांचंच काम होतं. खून पडला की आधी तात्पुरता तह, मग मध्यस्थ, मग 'दिया' म्हणजे रक्ताची भरपाई. पुरुषाच्या खुनाची जुनी ठरलेली भरपाई 100 उंट. शेवटी सगळ्यांसमक्ष समेट. म्हणजे सिनेमात फक्त सूड दिसतो, पण नियमांचा मोठा भाग सूड थांबवण्यासाठीच आहे.

याची किंमत कोण मोजतं?

इथे थांबलो तर अर्धंच शिकवलं असं होईल. अब्रूसाठी 'शरफ' असा एक शब्द आहे. ती पराक्रमाने, दानाने वाढते. दुसरा शब्द 'इर्द'. ही घरातल्या बायकांच्या वागण्याशी बांधलेली अब्रू. ती वाढत नाही, फक्त जाऊ शकते. त्यामुळे पुरुषांच्या नावाचं ओझं बाईच्या अंगावर येतं आणि काही वेळा तिचा जीवही जातो. हे फक्त बेदुइनांत घडतं असं अजिबात नाही. आपल्या देशातही घराण्याच्या इज्जतीच्या नावाने मुली मारल्या जातात.

लीला अबू-लुघोद या मानवशास्त्रज्ञ इजिप्तमधल्या अवलाद अली बेदुइनांत राहिल्या आणि 1986 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. चारचौघांत ताठ, निर्विकार राहणाऱ्या बायका जवळच्यांमध्ये दोन ओळींच्या कवनांतून प्रेम आणि दुःख बोलून दाखवत, असं त्यांना आढळलं. संहितेने जे बोलू दिलं नाही, त्यासाठी माणसांनी वाट काढलीच होती.

आज काय?

बहुतेक बेदुइन आता गावाशहरांत राहतात, मुलं शाळेत जातात. जॉर्डनने टोळ्यांचा वेगळा कायदा 1976 मध्ये रद्द केला. तरीही खून किंवा मोठा अपघात झाला की वडीलधारी मंडळी समेटाला जातात. कोर्ट शिक्षा देतं, पण दोन घरांनी पुन्हा शेजारी कसं राहायचं हे कोर्ट ठरवत नाही. समेटाची गरज तिथे पडते.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

1. पाणी दुर्मीळ असेल तर पाहुणचार वाढेल की कमी होईल? का?
2. आसरा मागणारा गुन्हेगार असेल तर काय करावं? दोन्ही बाजू मांडा.
3. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या नातेवाइकांना, यात फायदा काय आणि अन्याय काय?
4. 'घराची अब्रू' हे शब्द आपल्याकडे मुलाला जास्त ऐकवले जातात की मुलीला?

चौथा प्रश्न घरीही विचारून बघा. पालकहो, उत्तर मुलांनाच देऊ द्या. मध्ये बोलू नका.