एक संगणक, अनेक हात : संकेतशब्दांची व्यवस्था कशासाठी?

आपल्या नोंदणी कक्षातील संगणक एक. परंतु त्यावर काम करणारे हात अनेक. सकाळच्या पाळीत लिपिक केसपेपर काढतात, दुपारी रोखपाल बिले करतात आणि रात्री त्याच संगणकावर परिचारिका तातडीच्या रुग्णाची नोंद करतात. प्रत्येक कामास स्वतंत्र संगणक घेणे धर्मादाय संस्थेस परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. मात्र एकाच यंत्रावरील केसपेपर, बिले, औषधसाठा, तपासणी अहवाल आणि हिशेब हे सर्व प्रोग्रॅम सर्वांना खुले असावेत काय, हा प्रश्न उरतोच.

काही काळापूर्वीपर्यंत आपल्याकडे सर्वांचा मिळून एकच संकेतशब्द, म्हणजे पासवर्ड, होता. तो पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असे. मासिक हिशेब तपासताना निर्धन रुग्ण निधीतून दिलेल्या एका सवलतीची नोंद आढळली. सोबत समाजसेवा अधीक्षकांची शिफारस नव्हती. नोंद कोणी केली हे संगणकास विचारले, तर उत्तर आले ते सर्वांच्या सामाईक नावाचे. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकावर संशयाची छाया पडली. पुढे शिफारशीचा कागद दुसऱ्या फायलीत सापडला व सवलत योग्य रुग्णासच मिळाल्याचे सिद्ध झाले. परंतु तोवर निष्पाप सहकाऱ्यांना जो मनस्ताप झाला, तो भरून देण्याचा उपाय आमच्यापाशी नव्हता. नवी व्यवस्था या अनुभवातून उभी राहिली.

या निधीचे महत्त्व वाचकांस ठाऊक आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम या निधीत जमा करावयाची असते. म्हणूनच त्यातील प्रत्येक नोंदीमागे एक नाव असले पाहिजे.

संगणकावरील कुलूप दोन ठिकाणी लागते. पहिले यंत्राच्या दारावर. विंडोजसारख्या कार्यप्रणालीत प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र खाते उघडता येते. त्यांतील व्यवस्थापकाच्या खात्यास नवे प्रोग्रॅम बसविण्याचा व काढण्याचा अधिकार असतो. सामान्य खात्यास केवळ नेमून दिलेले प्रोग्रॅम वापरता येतात. दुसरे कुलूप प्रोग्रॅमच्या आत. तेथे कामाप्रमाणे अधिकार ठरतात. औषधालयास औषधांची चिठ्ठी व साठा दिसतो, हिशेब दिसत नाही. रोखपालास बिल करता येते, पण तपासणी अहवाल उघडता येत नाही. सवलतीची शिफारस एकाने नोंदवावी व मंजुरी दुसऱ्याने द्यावी, अशी रचना केली आहे. कोणी, केव्हा, कोणती नोंद केली अथवा बदलली याची आपोआप दिनवही तयार होते आणि ती पुसण्याचा अधिकार नोंद करणाऱ्यास नसतो.

सामाईक संगणक आणि संकेतशब्द यांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता यावा अशी प्रणाली १९६१ मध्ये प्रथम दाखविली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तीत संकेतशब्दांची योजना झाली. परंतु ते साध्या यादीत साठविलेले असल्याने, वाढीव वेळ मिळविण्यासाठी ॲलन शेर या संशोधकाने १९६२ मध्ये ती यादीच छापून घेतली! यावरून पुढे धडा घेतला गेला. आज चांगल्या प्रणालीत मूळ शब्द साठवीत नाहीत. गणिती प्रक्रियेने केलेले त्याचे रूपांतर तेवढे साठवितात. त्यामुळे विसरलेला संकेतशब्द व्यवस्थापकासही सांगता येत नाही. नवाच द्यावा लागतो.

अर्थात, कुलूप कितीही मजबूत असले तरी किल्ली दारातच राहिली तर उपयोग शून्य. म्हणून काही नियम घालून दिले आहेत. संकेतशब्द लांब असावा. स्वतःचे नाव, जन्मतारीख वा भ्रमणध्वनी क्रमांक नसावा. तो सहकाऱ्यास, वरिष्ठांसही सांगू नये. खुर्ची सोडताना आपले खाते बंद करावे. विसरल्यास काही मिनिटांत पडदा आपोआप बंद होतो. सेवा सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी रद्द होते. व्यवस्थापकाचा संकेतशब्द मोहोरबंद पाकिटात विश्वस्तांच्या तिजोरीत ठेवलेला असतो.

रुग्णालयात एक अपवाद अनिवार्य आहे. मध्यरात्री बेशुद्ध रुग्ण आला, तर त्यास कोणत्या औषधाचे वावडे आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना अडवून चालणार नाही. अशा वेळी कारण नोंदवून कोणताही जुना केसपेपर उघडण्याची सोय कर्तव्यावरील डॉक्टरांस आहे. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधीक्षक ती प्रत्येक नोंद तपासतात. कुलपामुळे उपचार थांबता कामा नये, आणि उपचाराच्या नावाखाली कुतूहलही शमविले जाऊ नये.

रुग्णांच्या आप्तांना या व्यवस्थेचा क्वचित त्रास वाटतो. खिडकीवरील लिपिक अहवाल वाचून का दाखवीत नाही, असे विचारले जाते. त्याच्या पडद्यावर तो दिसतच नाही, हे त्याचे खरे उत्तर. शेजाऱ्याचा, सहकाऱ्याचा वा सोयरिकीच्या घरातील कोणाचा आजार अशा खिडकीवरून बाहेर पडला, तर तो परत घेता येत नाही. एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गोपनीयता तर २०१७ च्या कायद्याने बंधनकारकच केली आहे. रुग्णाचा स्वतःच्या कागदपत्रांवरील हक्क मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही. रुग्णाने वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत ती द्यावीत, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील दंडक आहे व तो आम्ही पाळतो.

या साऱ्यासाठी नवी यंत्रे फारशी लागली नाहीत. लागली ती शिस्त आणि कर्मचाऱ्यांचे सहकार्य. आरंभी वारंवार संकेतशब्द टाकण्याचा कंटाळा करणारे सहकारीच आज आपले खाते बंद केल्याशिवाय खुर्ची सोडत नाहीत; कारण ते कुलूप त्यांच्याही नावाचे रक्षण करते. देणगीदारांनी विश्वासाने दिलेला रुपया आणि रुग्णाने विश्वासाने सांगितलेली व्यथा, या दोन्ही ठेवी सारख्याच जपल्या पाहिजेत, ही या संस्थेची धारणा आहे.