एकशे सहा गुणांचा हंगाम

6 ऑगस्ट 2005. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या फुटबॉलचा नवा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी रेडिंग नावाचा संघ घरच्या मैदानावर हरला. प्लिमथने त्याला 2-1 असं नमवलं. पाठीराखे नाराज मनाने घरी परतले. नंतरच्या नऊ महिन्यांत हा संघ साखळीत फक्त आणखी एकदाच हरणार आहे, हे त्या संध्याकाळी कुणी सांगितलं असतं, तर त्यावर कुणाचाच विश्वास बसला नसता. एप्रिल अखेरीस रेडिंगच्या नावापुढे 106 गुण लागले होते. इंग्लंडच्या साखळी फुटबॉलमध्ये तोवर कोणत्याही संघाला, कोणत्याही श्रेणीत, एका हंगामात इतके गुण मिळवता आले नव्हते.

हा आकडा किती मोठा आहे हे कळण्यासाठी आधी दुसऱ्या श्रेणीची रचना समजून घ्यायला हवी.

शेहेचाळीस सामन्यांची परीक्षा

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली जी श्रेणी आहे, तिला चॅम्पियनशिप म्हणतात. तिथे 24 संघ असतात. प्रत्येक संघ बाकीच्या 23 संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळतो, म्हणजे 46 सामने. प्रीमियर लीगमध्ये 20 संघ आणि 38 सामने असतात. शिवाय चषक स्पर्धांचे सामने वेगळेच. ऑगस्टच्या उन्हात सुरू झालेला हा प्रवास डिसेंबरचा चिखल आणि फेब्रुवारीचा बोचरा वारा सोसत एप्रिल-मेपर्यंत चालतो. अनेक आठवड्यांत शनिवारी एक सामना आणि मंगळवारी दुसरा.

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. विजयाचे तीन गुण ही पद्धत इंग्लंडमध्ये 1981 साली आली, त्याआधी दोनच मिळत. हंगामाच्या शेवटी पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. 2005-06 मध्ये तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ एका जागेसाठी बाद फेरी खेळत. तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत उतरतात.

वर जाण्याची आस आणि खाली जाण्याची धास्ती एकाच गुणतक्त्यात असल्यामुळे दुबळा म्हणावा असा प्रतिस्पर्धी इथे क्वचितच भेटतो. अव्वल संघही हंगामात सात-आठ सामने सहज गमावतो. सगळे 46 सामने जिंकले तर 138 गुण होतात. त्यातले 106 मिळवायचे, तर दर सामन्यामागे सरासरी 2.3 गुण हवेत. एखादा महिना जोरात खेळून हे जमत नाही. थेंबे थेंबेच तळं साचवावं लागतं, आणि नऊ महिने त्याला गळती लागू द्यायची नसते.

बिस्किटांचं गाव

लंडनच्या पश्चिमेला सुमारे 60 किलोमीटरवर, केनेट नदी थेम्सला मिळते तिथे, रेडिंग वसलं आहे. इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘रीडिंग’ म्हणावंसं वाटतं, पण उच्चार ‘रेडिंग’. बाराव्या शतकात राजा पहिला हेन्री याला इथल्याच मठात दफन केलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात हंटली अँड पामर्स या बिस्किट कंपनीने गावाचं नाव जगभर नेलं. तिचे पत्र्याचे सुबक डबे दूरदूरच्या देशांत पोहोचले. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेतही याच कंपनीची बिस्किटं होती. फुटबॉल संघाला म्हणूनच ‘बिस्किटमेन’ हे टोपणनाव पडलं होतं. कारखाना बंद झाल्यावर ते मागे पडलं, आणि बर्कशायर हा राजघराण्याशी जोडलेला परगणा असल्यामुळे संघ ‘रॉयल्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या क्लबची स्थापना 1871 सालची. म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी तो एक. तरीही 2005 पर्यंतच्या 134 वर्षांत तो एकदाही देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला नव्हता.

एकदा मात्र दार अगदी हाताशी आलं होतं. 1994-95 च्या हंगामात रेडिंगने दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवला. एरवी त्या जागेवरून थेट बढती मिळते. पण नेमक्या त्याच वर्षी प्रीमियर लीग 22 वरून 20 संघांची होत होती, त्यामुळे थेट बढती फक्त विजेत्यालाच होती. रेडिंगला बाद फेरी खेळावी लागली. वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्ध ते 2-0 ने पुढे होते. तिसरा गोल करायची पेनल्टीही मिळाली, ती हुकली. बोल्टनने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना 4-3 असा जिंकला. गावाने ती जखम दहा वर्षं जपली.

माणसं कशी जमवली

त्यानंतरच्या उभारणीमागे क्लबचे अध्यक्ष जॉन मादेस्की होते. गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं ‘ऑटो ट्रेडर’ हे नियतकालिक काढून त्यांनी संपत्ती कमावली होती. 1998 साली क्लबने एल्म पार्क हे शंभर वर्षं जुनं मैदान सोडलं आणि शहराच्या कडेला, जिथे पूर्वी कचरा टाकला जाई त्या जमिनीवर, सुमारे 24,000 आसनांचं नवं मैदान उभारलं.

ऑक्टोबर 2003 मध्ये स्टीव्ह कॉपेल प्रशिक्षक म्हणून आले. मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडचे ते गाजलेले विंगर. इंग्लंडसाठी ते 42 सामने खेळले होते, पण गुडघ्याच्या दुखापतीने विशीतच त्यांची कारकीर्द संपवली. लगेच ते क्रिस्टल पॅलेसचे प्रशिक्षक झाले आणि 1990 मध्ये त्या संघाला एफए चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. खेळता खेळता लिव्हरपूल विद्यापीठाची पदवी घेतलेला हा माणूस मितभाषी होता. विजयाने तो हुरळून जात नसे. त्यांच्या हाताखाली रेडिंग पहिल्या हंगामात नववं आणि दुसऱ्या हंगामात सातवं आलं. दुसऱ्या वेळी बाद फेरी थोडक्यात हुकली.

या संघात नामांकित तारा एकही नव्हता. गोलरक्षक मार्कस हानमन आणि डावा विंगर बॉबी कॉन्वे अमेरिकेचे. बचावात सेनेगलचा इब्राहिमा सोन्को आणि आइसलंडचा इवार इंगिमार्सन ही जोडी. डावा बचावपटू निकी शोरी लेटन ओरिएंटकडून अवघ्या 25,000 पौंडांत आलेला. मधल्या फळीत जेम्स हार्पर आणि स्टीव्ह सिडवेल, दोघेही आर्सेनलच्या युवा संघात घडलेले. उजवीकडे उंचपुरा ग्लेन लिटल. इंगिमार्सन, सिडवेल आणि स्टीफन हंट हे तिघं कॉपेल यांच्या 2001-02 च्या ब्रेंटफर्ड संघात खेळले होते. त्यामुळे ही माणसं कॉपेल यांनी आधीच पारखलेली होती.

आघाडीवर तीन वेगळ्या वाटांनी आलेले तीन तरुण होते. लेरॉय लिटाला ब्रिस्टल सिटीकडून आणताना क्लबने 10 लाख पौंड मोजले, ती क्लबची तोवरची सर्वांत मोठी खरेदी. उंच आणि तांबड्या केसांचा डेव्ह किटसन काही वर्षांपूर्वी हौशी पातळीवर खेळत होता आणि पोटासाठी सुपरमार्केटमध्ये काम करत होता. तिसरा केव्हिन डॉयल, आयर्लंडच्या कॉर्क सिटीकडून जेमतेम 78,000 पौंडांत आलेला. क्लबसाठी खेळाडू हेरणारे ब्रायन मॅकडरमॉट यांची नजर त्याच्यावर पडली होती. त्याच्याच बरोबर शेन लाँग हा आणखी एक कोवळा मुलगा कॉर्कहून आला. हंगामाअखेर साखळीत डॉयल आणि किटसन या दोघांच्याही नावावर 18-18 गोल होते.

तेहतीस सामने

प्लिमथकडून हरल्यानंतर तीन दिवसांनी, 9 ऑगस्टला, रेडिंगने ब्रायटनला त्यांच्याच मैदानावर हरवलं. तिथून सुरू झालेली अपराजित मालिका 33 सामने तुटली नाही. ऑगस्ट सरला, पानगळ झाली, नाताळ आला आणि गेला, तरी हा संघ साखळीत हरला नाही.

कॉपेल यांची मांडणी साधी होती. चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन पुढे. दोन्ही विंगर कडेने चेंडू नेत आणि गोलसमोर फेकत, बाजूचे बचावपटू त्यांना साथ द्यायला धावत. चेंडू गमावला की सगळे एकदम माघारी. प्रत्येकाला आपली जागा आणि शेजाऱ्याची सवय ठाऊक होती. प्रतिस्पर्ध्याला यात नवं असं काही दिसत नसे, तरी ते थोपवता येत नसे.

आकडे हेच सांगतात. घरच्या 23 सामन्यांत 19 विजय, 3 बरोबरी आणि एकच पराभव, तो प्लिमथचा. बाहेरच्या 23 सामन्यांत 12 विजय, 10 बरोबरी आणि एक पराभव. या दहा बरोबरींकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण विक्रमाचा पाया तिथेच आहे. परक्या मैदानावर, थकल्या पायांनी, खेळ जमत नसलेल्या दिवशीही हा संघ रिकाम्या हाताने परतत नसे. संपूर्ण हंगामात 99 गोल केले, शंभराला एकच कमी, आणि फक्त 32 खाल्ले. म्हणजे सरासरी 130 मिनिटांत एक.

17 फेब्रुवारी 2006 रोजी ल्यूटनने त्यांना 3-2 असं हरवलं आणि ही मालिका संपली. एवढी लांब घोडदौड थांबल्यावर अनेक संघ मोडून पडतात. रेडिंगने उरलेल्या हंगामात एकही सामना गमावला नाही.

25 मार्चला लेस्टरमध्ये सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. रेडिंगचा गोल डॉयलचा होता. त्या एका गुणाने 1871 पासूनची प्रतीक्षा संपली आणि बढती निश्चित झाली. मार्च महिन्यातच! पुढच्याच शनिवारी, 1 एप्रिलला, डर्बी काउंटीला 5-0 असं हरवून त्यांनी विजेतेपदही पक्कं केलं.

शेवटचा दिवस

आता जिंकायचं असं काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त एक आकडा. सुंदरलंडने 1998-99 मध्ये याच श्रेणीत 105 गुण मिळवले होते. 30 एप्रिलला क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्धच्या अखेरच्या सामन्याआधी रेडिंगकडे 103 गुण होते. बरोबरी झाली तर 104, म्हणजे विक्रम हुकला. जिंकले तरच 106.

सामना 1-1 असा अडकला. वेळ संपत आली असताना रेडिंगला पेनल्टी मिळाली. ती घ्यायला कर्णधार ग्रीम मर्टी पुढे आला. मर्टी हा उजव्या बाजूचा बचावपटू. 1998 पासून तो या क्लबमध्ये होता, आणि गोल करणं हे कधीच त्याचं काम नव्हतं. नियमित गोल करणारे बाजूला उभे राहिले आणि सर्वांत जास्त वर्षं घाम गाळलेल्या माणसाच्या हाती चेंडू दिला गेला. मर्टीने तो जाळ्यात धाडला. 2-1. एकतीस विजयांचे 93 आणि तेरा बरोबरींचे 13 मिळून 106.

दुसऱ्या क्रमांकाच्या शेफील्ड युनायटेडचे 90 गुण होते. थेट बढतीला ते पुरेसे ठरले, पण रेडिंग त्यांच्याहून 16 गुणांनी पुढे होतं.

त्यानंतर

‘दुसऱ्या श्रेणीत शेर, वर गेल्यावर ढेर’ अशी भीती नवागतांबद्दल नेहमीच असते. 19 ऑगस्ट 2006 रोजी, सर्वोच्च श्रेणीतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात, रेडिंग मिडल्सब्रोविरुद्ध 0-2 ने मागे पडलं आणि तरी 3-2 असं जिंकलं. त्या हंगामात ते आठवे आले, युरोपातल्या स्पर्धेचा प्रवेश एका गुणाने हुकला. व्यवस्थापकांच्या संघटनेने दोन्ही वर्षी कॉपेल यांना सर्वोत्तम ठरवलं. 78,000 पौंडांच्या डॉयलला 2009 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने सुमारे 65 लाख पौंड देऊन नेलं.

उतार मात्र चुकला नाही. 2008 मध्ये संघ खाली आला. 2012 मध्ये मॅकडरमॉट यांच्याच प्रशिक्षणाखाली तो पुन्हा वर गेला आणि वर्षभरातच परतला. 2023 मध्ये आर्थिक नियमभंगामुळे सहा गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. एकेका गुणाची किंमत काय असते, हे या गावाने दोन्ही बाजूंनी अनुभवलं.

भारतीय रसिकांना कॉपेल परके नाहीत. 2016 मध्ये ते इंडियन सुपर लीगमध्ये केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक होते, तेव्हा आपल्या सचिन तेंडुलकरची त्या संघात मालकी होती. साखळीत मुंबई सिटी 23 गुणांनी पहिला आणि केरळ 22 गुणांनी दुसरा आला. पुढे केरळने अंतिम फेरी गाठली, पण कोचीत पेनल्टींवर कोलकात्याकडून हार पत्करली. नंतर कॉपेल जमशेदपूर आणि कोलकात्याच्या संघांचेही प्रशिक्षक झाले. 2016 च्या आपल्या साखळीत प्रत्येक संघाला 14 सामने होते. चौदाच्या जागी शेहेचाळीस मांडून पाहिले, की रेडिंगच्या त्या वर्षाची लांबी ध्यानात येते.

2024-25 मध्ये बर्मिंगहॅम सिटीने तिसऱ्या श्रेणीत 111 गुण मिळवून इंग्लंडच्या साखळीतला सर्वाधिक गुणांचा मान घेतला. दुसऱ्या श्रेणीतला 106 चा विक्रम मात्र त्या हंगामानंतरही रेडिंगकडेच राहिला. न्यूकॅसल आणि लेस्टरसारखे श्रीमंत संघ 102 पर्यंत पोहोचून थांबले. 2024-25 मध्येच बर्नलीने 46 सामन्यांत केवळ 16 गोल खाल्ले, तरी त्यांचे गुण 100 झाले.

विक्रमाच्या त्या ओळीत ‘पराभव 2’ असंही लिहिलेलं आहे, आणि त्यातला एक अगदी पहिल्या दिवसाचा आहे. त्या संध्याकाळी रेडिंगच्या खात्यात शून्य गुण होते. उरलेल्या 45 सामन्यांत 135 गुण मिळू शकत होते. त्यातले 106 त्यांनी एकेक करून, कंटाळा न करता वेचले, आणि शेवटचे तीन एका उजव्या बचावपटूच्या पायाने आले.