ओढायला बैल, थांबवायला माणूस

नालवाडीच्या शिवारातली आमची विहीर आता मोटारपंपावर चालते. धाव मात्र अजून ओळखू येते. बैल त्या उतारावरून खाली जात, नाडा ताणला जाई, चाक करकरे आणि कातड्याची मोट वर येऊन सोंडेतून थारोळ्यात रिकामी होई. कमावलेलं कातडं या गावाला नवं नव्हतं. 1930 च्या दशकात इथल्या चर्मालयात मेलेल्या जनावरांची कातडी कमावत. उतरताना बैलांचं वजनच कामी येई. कसब लागे ते त्यांना मागे सरकवत परत काठाशी आणायला.

आमच्या शेजारच्या वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वेचा फाटा गेला तो तिथल्या कोळशासाठी. तिथली सरकारी खाण 1906 मध्ये बंद झाली. खाणीतून कोळसा वर काढण्याच्या यंत्रांबद्दल वाचताना मला सारखी मोटच आठवते.

इंग्लंडमध्ये आधी कोळसा वर काढायचं काम घोडे करत, घाण्याच्या बैलासारखे गोल फिरून. न्यूकमेनचं वाफेचं यंत्र 1712 मध्ये आलं, पण त्याचा दांडा नुसता वरखाली होई. पाणी उपसायला तेवढं पुरे. दोर गुंडाळायला चाक फिरायला हवं, तेही दोन्ही दिशांनी. स्मीटनने तोड काढली: वाफेने पाणी वर चढवायचं आणि त्या पाण्याने पाणचक्की फिरवायची! पुढे 1780 मध्ये पिकार्डने भुजेचं (क्रँकचं) आणि 1781 मध्ये वॉटने दातेरी चाकांच्या जोडीचं पेटंट घेतलं. वाफ थेट चाक फिरवू लागली.

मोठ्या रुळावर दोन दोर उलटसुलट गुंडाळलेले असत. दोराला टांगलेला एक पाळणा वर येताना दुसरा खाली जाई, दोघांचं वजन एकमेकांना तोलून धरी. अल्बर्टने 1834 मध्ये जर्मनीत तारेचा दोर आणल्यावर तागाचा दोर कुजण्याची धास्तीही गेली.

यंत्राच्या चालकाला पाळणा दिसत नसे. घंटा ऐकायची, खोली दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची आणि नेमक्या क्षणी थांबवायचं. एक फेरा जास्त झाला की पाळणा थेट वरच्या चाकावर आदळे. हे काम पोरांवरही सोपवत. ब्रिटनच्या 1842 च्या कायद्याने 15 वर्षांखालच्या मुलांना या यंत्रावर मनाई केली.

मी दहा वर्षांचा असताना मोट हाकायचा हट्ट धरला होता. आजोबांनी कासरा हातात दिला नाही. म्हणाले, ‘‘ओढाले बैल हायेत, थांबवाले माणूस लागते.’’