संगणक जागा होत नाहीं तेव्हां

संगणकाची कळ दाबावी, आंतले पंखे फिरूं लागावे, दिवाही लागावा, आणि पडदा मात्र काळाच राहावा, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आला असेल. अशा वेळीं घरांत एकच उद्गार ऐकूं येतो : “संगणक गेला!” वस्तुतः सगळा संगणक गेलेला नसतो, पुष्कळदां त्याच्या स्मृतीनें, म्हणजे बाजारांत जिला रॅम म्हणतात तिनें, दगा दिलेला असतो.

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं असाच एक संगणक शाळेच्या प्रयोगशाळेंत आणला. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलांचा अभ्यास बुडूं नये म्हणून त्यांनीं तो पदरमोड करून घेतला होता. “मदरबोर्ड जळला, नवा घ्या,” असें सांगून एका दुकानदारानें त्यांची बोळवण केली होती. विज्ञानमंडळाच्या मुलांसह आम्हीं तो उघडला.

आधीं ही स्मृति काय करते तें पाहूं. हार्ड डिस्क हें संगणकाचें कपाट मानलें, तर रॅम हें त्याचें मेज होय. कपाटांतील प्रत्येक कागद कामासाठीं या मेजावर यावा लागतो. ४ गिगाबाइटच्या एका पट्टीवर सुमारें ३,४३६ कोटी सूक्ष्म घरें असतात. प्रत्येक घरांत विजेचा लवलेश सांठविणारा एक कपॅसिटर व त्याची राखण करणारा एक ट्रान्झिस्टर असतो. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९६६ सालीं आय. बी. एम. कंपनींत शोधून काढली. सांठविलेली वीज सारखी झिरपत असल्यामुळें प्रत्येक घर सामान्यतः ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत पुन्हां भरावें लागतें. यांपैकीं कांहीं घरें फुटकीं निघालीं, किंवा पट्टीच्या कडेचे सोनेरी संपर्क धुळीनें व दमट हवेनें मळले, कीं सगळा कारभार बिघडतो.

कळ दाबतांच बायॉस नांवाची अंगभूत आज्ञावली यंत्राची परीक्षा घेते. तींत रॅम नापास झाली तर पडद्यावर चार अक्षरें उमटविणेंही अशक्य होतें. म्हणून कांहीं यंत्रें बीप असे ठराविक आवाज करतात, तर कांहींच्या मदरबोर्डवर एक लहान दिवा लागतो. या आवाजांचा अर्थ निरनिराळ्या बायॉसमध्यें निरनिराळा असतो. यास्तव मदरबोर्डची पुस्तिका जपून ठेवावी.

आतां आमची चूक सांगतों. संगणकांत पट्ट्या दोन होत्या. आम्हीं त्या काढल्या, पुसल्या, त्यांच्या जागांची अदलाबदल केली, आणि कळ दाबली. संगणक सुरू झाला! मुलांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु गुण आला तो पुसण्यानें कीं अदलाबदलीनें, हें कोणासच ठाऊक नव्हतें, आणि आनंदाच्या भरांत कोणीं विचारलेंही नाहीं. चार दिवसांनीं तो पुन्हां बंद पडला. मध्यंतरीं त्या गृहस्थांनीं थोरल्या कन्येच्या लग्नाचीं छायाचित्रें पेन ड्राइव्हवर उतरवून मूळ प्रती पुसून टाकिल्या होत्या. त्यांतील कांहीं अर्धीं करडीं निघालीं, कांहीं उघडलींच नाहींत. कपाट धड होतें, पेन ड्राइव्हही धड होता. परंतु मधल्या मेजावरून जातांना माल नासला. तीं छायाचित्रें आम्हांस परत देतां आलीं नाहींत.

यानंतर आम्हीं जें केलें तें पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें. प्रथम पडद्याची तार व तिचीं टोकें तपासलीं. मग विजेची तार काढून कळ कांहीं सेकंद दाबून धरली, आणि अंगावरील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र मुलांनीं कधींही उघडूं नये. तार काढल्यावरही तींत घातक वीज सांठलेली असूं शकते.

नंतर एकच पट्टी, पुस्तिकेंत सांगितलेल्या स्लॉटमध्यें, खांच जुळवून, कडेची अडकण ‘खट्’ वाजेपर्यंत बसविली. संगणक सुरू होईना. तिचे संपर्क मऊ खोडरबरानें हलकेच पुसून, कचरा झटकून पुन्हां पाहिलें, तरी नाहीं. त्याच स्लॉटमध्यें दुसरी पट्टी घातली, आणि संगणक सुरू झाला. मग दोन्ही पट्ट्या आळीपाळीनें दुसऱ्या स्लॉटमध्यें घातल्या. प्रत्येक वेळीं तार काढली, आणि प्रत्येक निकाल वहींत लिहिला.

यांतील तर्क सोपा आहे. दोष पट्टीबरोबर हिंडला तर पट्टी सदोष. तो एकाच स्लॉटशीं राहिला तर स्लॉट अगर मदरबोर्ड सदोष. सर्वत्र सारखाच राहिला तर वीजपुरवठा, प्रोसेसर इत्यादिकांकडे वळावें. डी. डी. आर. ५ जातीची रॅम बदलल्यावर पहिल्या खेपेस संगणक सुरू होण्यास कांहीं मिनिटेंही लागतात. तेवढा धीर धरावा.

आमच्या येथें पहिली पट्टी दोन्ही स्लॉटमध्यें नापास झाली व दुसरी दोन्हींत उत्तीर्ण झाली. मदरबोर्ड धडधाकट होता! तरीही आम्हीं तेवढ्यावर विसंबलों नाहीं. मेमटेस्ट८६ प्लस ही विनामूल्य आज्ञावली पेन ड्राइव्हवर घालून, चांगली ठरलेली पट्टी रात्रभर तपासली. ही आज्ञावली स्मृतीच्या घरांत ठराविक नमुने लिहून ते जसेच्या तसे परत येतात कीं नाहीं हें पाहते. या परीक्षेंत पस्तीस गुणांना उत्तीर्ण करण्याची सोय नाहीं. एक चूक निघाली तरी संशय फिटेपर्यंत त्या पट्टीवर भरंवसा ठेवूं नये. सकाळीं चुकांचा आंकडा शून्य होता. नव्या मदरबोर्डाच्या मानानें थोडक्या खर्चांत दुसरी पट्टी आली, व तीही तपासूनच बसविली.

संगणक मुळींच सुरू न होणें हा लहान दोष होय. तो निदान लपून राहत नाहीं. सुरू होऊन गुपचूप चुकीचें लिहीत राहणें हा मोठा दोष होय. म्हणून रॅमचा संशय येतांच त्या यंत्रावर महत्त्वाचें कांहीं उतरवूं नये, आणि मूळ प्रत तर कदापि पुसूं नये, एवढी पालकांस विनंति. आणि मुलांनो, एका वेळीं एकच बदल करा. ‘सुरू झालें’ आणि ‘कां बंद होतें तें कळलें’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांतील अंतर आम्हांस लग्नाच्या छायाचित्रांनीं शिकविलें.