अळंब्यांची पारख

आषाढांत बालाघाटाच्या डोंगरावर चारदोन दमदार सरी पडून जाव्यात, मागाहून कडक ऊन पडावें आणि हवेंत उष्मा दाटावा, कीं बीड जिल्ह्यांतील बांधांवर, वारुळांच्या पायथ्याशीं व कुजक्या ओंडक्यांवर रातोरात छत्र्या उभ्या राहतात. पाटोदा तालुक्यांतील सौताड्याच्या रानांत गुरें वळणाऱ्यांस त्या नवीन नाहींत. आपणांपैकीं बहुतेकांची त्यांच्याशीं ओळख म्हणजे लहानपणीं ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पायानें उडविली तेवढीच. गेलीं कांहीं वर्षें आम्ही पावसाळ्यांत एक परडी, एक बोथट सुरी आणि वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन या छत्र्यांच्या मागें हिंडत आहों. नायगांवच्या मयूर अभयारण्यांत मात्र नुसतें पाहून परतावें. तेथून कांहीं तोडून आणणें कायद्यास धरून नाहीं.

हा नाद घरांत शिरला कीं पहिला आक्षेप वडील माणसांकडून येतो, आणि तो निराधार नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कवक हें लसूण व कांदा यांच्या पंक्तीस बसवून द्विजांस वर्ज्य ठरविलें आहे. आमच्या आजीनें कांद्याचा निषेध चातुर्मासापुरता आवरता घेतला होता. अळंब्यास मात्र बारा महिने उंबऱ्याबाहेरच जागा होती. वैद्यकग्रंथांची दृष्टि निराळी. सुश्रुतानें हीं उद्भिदें भाताच्या पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि भूमीवर उगवणारीं अशीं वेगळालीं सांगितलीं. आजचा कवकशास्त्रज्ञहि छत्री दिसतांच पहिला प्रश्न हाच विचारतो, कीं ही कशावर उगवली? चरकानें ‘सर्पच्छत्रक’ तेवढें वगळून इतर छत्रजाति शीत, मधुर, जड व पीनस आणणाऱ्या म्हटल्या आहेत. म्हणजे खावयाचें आणि टाळावयाचें यांतला भेद आपल्या पूर्वजांस पक्का ठाऊक होता. मेघगर्जनेनें भूमींतून वर येणाऱ्या शिलीन्ध्रांचा उल्लेख मेघदूतांत आहे, हेंहि वाचकांस आठवेल; मग टीकाकार त्या शब्दाचा अर्थ कंदली करोत कीं छत्राक.

आपणांस दिसते ती छत्री म्हणजे त्या बुरशीचें केवळ फळ. तिचा खरा देह पांढऱ्या तंतूंच्या रूपानें मातींत किंवा लांकडांत वर्षभर पसरलेला असतो. वारुळावरील अळंब्याची कथा तर मोठी नवलाची आहे. वाळवी वाळलेला पाला व काष्ठ खाऊन आपल्या विष्ठेचें एक पोळें वारुळाच्या पोटांत रचते, त्यावर ही बुरशी वाढविते आणि तिच्यावरच उपजीविका करते. पावसाळा लागला कीं त्या पोळ्यापासून एक लांब, मुळासारखा दांडा माती फोडून वर येतो व त्यास छत्री धरते. या कुळास रॉजर हाइम या फ्रेंच पंडितानें 1942 मध्यें ‘टर्मिटोमायसिस’ असें नांव दिलें. वाळवीस हजारों पिढ्या जी शेती साधली, ती या बुरशीच्या बाबतींत मनुष्यास अद्याप व्यापारी प्रमाणावर साधलेली नाहीं. हें अळंबें रुचकर आहे, आणि धोक्याचें मूळहि तेथेंच आहे. कारण त्याच्यासारखीं दिसणारीं दुसरीं पुष्कळ आहेत.

एका पावसाळ्यांतली गोष्ट. आमच्या पुतण्याचा मुलगा एका बागेंतील हिरवळीवरून परडीभर छत्र्या घेऊन आला. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या, वर तपकिरी खवले, दांड्याभोंवतीं कडें. ‘आजोबा, वारुळावरचींच!’ म्हणून तो नाचूं लागला. धाकट्या सूनबाईंनीं कांदा चिरावयास घेतला. मोठ्या वहिनींनीं देव्हाऱ्यांतील चांदीचा रुपया आणून उकळत्या पाण्यांत अळंब्याच्या तुकड्याबरोबर टाकला. तो काळा पडला नाहीं, आणि सर्वांचे चेहरे उजळले. आम्ही केवळ एक रात्र मागून घेतली. एका छत्रीचा दांडा कापला, अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद पसरला, त्यावर छत्रीच्या पोटाकडील पातळ पात्या खालीं येतील अशी ती पालथी घातली आणि वर पातेलें झांकलें. त्या रात्रीं घरांत पिठलें झालें व चिरंजीव रुसून निजले.

सकाळीं पातेलें उचललें तों कागदावर पात्यांची नक्षी उमटलेली, आणि तिचा रंग हिरवट! वारुळावरील अळंब्याच्या बीजाणूंचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवा ठसा देणारी ही जाति म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ती पोटांत गेल्यास कांहीं तासांतच वांत्या व जुलाब सुरू होतात. पंधरा माणसांच्या घरांत त्या रात्रीं काय अनर्थ झाला असता, हें निराळें सांगावयास नको. रुपया मात्र अजून लखलखीत आहे.

चांदी काळी पडणें, लसूण रंग बदलणें, किड्यांनीं खाल्लेलें तें निर्विष असणें, या साऱ्या समजुती तितक्याच व्यर्थ आहेत. अमानिटा कुळांतील कांहीं जातींचें विष शिजवून जात नाहीं. खाल्ल्यावर सहाबारा तास कांहींच होत नाहीं. मग वांत्या होतात, मध्यें बरें वाटल्याचा भास होतो, आणि तेवढ्यांत यकृत निकामी होत असतें. 2022 च्या एप्रिलमध्यें आसामांत रानटी अळंबीं खाऊन 13 जण दगावले. या जातींच्या दांड्याच्या बुडाशीं बहुधा वाटीसारखी खोळ असते, पण ती मातींत दडलेली. म्हणून पारखावयाचें अळंबें वरून खुडूं नये, बुडासकट उकरून काढावें. ठसा हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. जागा, बूड, कडें, वास, ठसा हें सारें जुळलें आणि जाणत्यानें प्रत्यक्ष पाहून मान डोलविली, तरच पुढचा विचार. फोनवरील चित्राच्या भरंवशावर तर मुळींच जाऊं नये. चुकून कोणी खाल्लेंच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां, उरलेलें अळंबें कागदांत गुंडाळून तडक रुग्णालय गांठावें.

पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेनें 1980 मध्यें साठे व देशपांडे यांचें महाराष्ट्रांतील अळंब्यांवरील लेखन प्रसिद्ध केलें. अभ्यास करूं इच्छिणाऱ्यानें तें धुंडाळावें. आमच्यापुरता आम्हीं निर्णय केला आहे, कीं रानांतलें पाहावें, ठसे घ्यावे, वहींत चिकटवावे. आणि खावयाचें तें घरीं पिकवावें.

त्यास धिंगरी उत्तम. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेंत झकिया बानो व श्रीवास्तव यांनीं 1962 मध्यें तिच्या लागवडीचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे गव्हाचें किंवा सोयाबीनचें काड हवें तितकें. त्याचे बोटभर तुकडे करून बारा तास भिजवावे, मग सुमारें 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यांत तासभर ठेवून निथळावे. मुठींत दाबल्यास पाणी गळूं नये, पण हात ओला व्हावा. गव्हाच्या दाण्यांवर वाढविलेलें बियाणें खात्रीच्या प्रयोगशाळेंतून आणावें, आणि 10 किलो ओल्या काडास 200 ते 300 ग्रॅम या मानानें प्लॅस्टिकच्या पिशवींत थर देऊन भरावें. पिशवीस भोंकें पाडून ती अंधाऱ्या खोलींत ठेवली कीं पंधरावीस दिवसांत आंतील काड पांढरें होऊन ढेपेसारखें घट्ट बांधलें जातें. मग प्लॅस्टिक काढून दिवसांतून दोनतीनदां पाणी शिंपडावें, व खेळती हवा आणि थोडा उजेड द्यावा. चारपांच दिवसांत टांचणीच्या डोक्यांएवढे कोंब येतात. कडा वर वळण्यापूर्वीं काढणी करावी. एक किलो कोरड्या काडास अर्धा किलो वा अधिक ताजी धिंगरी दोनतीन बहरांत मिळते. बीडचा उन्हाळा तिला मानवत नाहीं. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला.

एक सावधगिरी. काढणीस उशीर झाल्यास धिंगरीचे बीजाणु धुळीसारखे उडतात व कित्येकांस त्यांमुळें शिंका, खोकला व दमा होतो; निजावयाच्या खोलींत पिशव्या टांगूं नयेत. चरकाचें पीनस तें हेंच, असें म्हणण्याचा आम्हांस मोह होतो. पण तो खाण्याविषयीं बोलत होता, श्वासाविषयीं नव्हे.

आमच्या माजघरामागच्या कोठींत सध्यां सहा पिशव्या आहेत. मोठ्या वहिनी धिंगरीस अजून स्पर्श करीत नाहींत. दुपारचें पाणी शिंपडावयास चुकल्याबद्दल बोलणीं मात्र आम्हांस त्यांच्याकडूनच खावीं लागतात.