गोठ्यातील सुप्त देणे

पेण किंवा रोह्याच्या शेतकऱ्याने कर्ज काढून घाटावरून संकरित गाय आणावी आणि पुढे घरचीच गाभण गाय गाभडावी, असे घडले की दोष नशिबाला दिला जातो. अशा हानीची कारणे अनेक असतात. त्यांतील एक मात्र डोळ्यांना दिसत नाही. माणसाला होणारी नागीण ज्या हर्पिस कुळातील विषाणूमुळे उठते, त्याच कुळातील एक विषाणू गुरांत आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९७६ साली उत्तर प्रदेशात झाली.

ताप व सर्दी ओसरली तरी हा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या गाठींत तो जन्मभर दडून राहतो. दूरचा प्रवास, वेत किंवा कॉर्टिसोन जातीची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खचली की तो जागा होतो आणि वरकरणी निरोगी गाय शेजारच्या जनावरांना रोग देते. ताळेबंदात न दाखवलेल्या देण्यासारखाच हा प्रकार आहे.

मग सर्वच जनावरांना त्याचा सारखा उपद्रव का होत नाही? याचे उत्तर अंशतः आनुवंशिकतेत आहे. उंदरांच्या काही वाणांत हर्पिस कुळातील विषाणूला उपजत प्रतिकार असतो, हे कार्लोस लोपेझ यांनी १९७५ साली दाखवून दिले. कोंबड्यांच्या मारेक रोगाचा विषाणूही याच कुळातला. ज्या कोंबड्यांत ‘बी-२१’ हा जनुकसमूह असतो, त्यांच्यात या रोगाच्या गाठी कमी उठतात. त्यांना लागण होतच नाही असे नव्हे. लागणीचा परिणाम बदलतो.

यावरून देशी तेवढे रोगमुक्त, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. कोकण कपिला ही गाय आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत आली आहे. तिचे जनुकधन जपावयाचे ते अभ्यासासाठी. कारण एकदा नष्ट झालेला वाण कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाही.

डेन्मार्क, स्वित्झर्लंड या देशांनी बाधित जनावरे कळपातून काढून टाकून हा रोग हद्दपार केला. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येस बंदी आहे, आणि दोन-तीन गुरांच्या धन्याला तो मार्ग परवडणाराही नाही. म्हणून येथे भर प्रतिबंधावरच हवा. खरेदीपूर्वी रक्ततपासणी, नव्या जनावरास काही आठवडे वेगळा गोठा आणि रेतन केंद्रांतील वळूंची काटेकोर तपासणी, हे उपाय साधे आहेत. गाईसाठी अनुदान देणाऱ्या शासनाने या तपासणीचाही खर्च उचलावा. गाय गाभडली की दूध बुडते. कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत.