तळ्याचा जीव काठात

तळ्यावर गेलं की नजर आपोआप मधोमध जाते. पाणी किती आहे, बदकं उतरली आहेत का, कमळं फुलली आहेत का, एवढं पाहून माणूस परततो. पायाखालचा चिखल, त्यातलं लव्हाळं, बुळबुळीत दगड ही सगळी त्याला वाटेतली अडचण वाटते. पण तळ्यातली बहुतेक वर्दळ त्या अडचणीतच असते. गढूळ, खोल पाण्याच्या तळाशी ऊन फारसं पोचत नाही. ऊन नाही तिथे वनस्पती मूळ धरत नाहीत, आणि वनस्पती नाहीत तिथे लपायला, अंडी चिकटवायला जागा नसते. काठालगतच्या गुडघाभर पाण्यात मात्र ऊन, गाळ आणि हवा एकत्र भेटतात. म्हणून तळं ओळखायचं असेल तर काठ वाचायला शिकावं आणि तळं राखायचं असेल तर आधी काठ राखावा, असं माझं म्हणणं आहे.

याचा उत्तम पुरावा म्हणजे पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या बोलीत ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भातपट्ट्यात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने ते बांधले. सखल बाजूला मातीची पाळ घालायची आणि वरच्या बाजूची जमीन होती तशी ठेवायची, अशी ही रचना. त्यामुळे पाळीच्या समोरचा काठ हलक्या उताराने शेताशी, रानाशी मिसळतो. या उताराचं गणित करून पाहा. पन्नास फुटांमागे एक फूट असा उतार असेल, तर पाणी केवळ 10 सेंटिमीटर ओसरलं की 5 मीटर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. उभी भिंत बांधलेल्या तलावात तेवढंच पाणी ओसरलं तर भिंतीवर डाग तेवढा दिसतो. हिवाळ्यात पाणी उतरत जातं तसा हा पट्टा सरकत राहतो आणि पक्षी तो आपापल्या पायांच्या मापाने वाटून घेतात. लांब लाल पायांचा शेकाट्या जरा खोलात उतरतो, आखूड पायांचा तुतवार पाण्याच्या रेषेवर शेपूट हलवत फिरतो, टिटवी त्याहून वर कोरड्यात उभी असते. पाच-सहा जातींचे पक्षी शेजारी शेजारी चरूनही भांडत का नाहीत, हे कोडं काठ पाहिला की सुटतं.

वनस्पतीही अशाच ओळीने बसतात. सर्वांत बाहेर, चिखल वाळू लागतो तिथे जांभळ्या फुलांचा काटेरी तालिमखाना. ओल्यात जलब्राह्मी आणि माका. पाण्यात पाय बुडवून उभं पाणकणीस. त्यापुढे पानं तरंगवणारी कुमुदिनी. त्या पानांवरून लांबलचक बोटं टाकत कमळपक्षी चालतो. बोटं लांब असल्याने वजन पसरतं आणि पान बुडत नाही. त्याचं घरटंही तिथेच, आणि अंडी उबवण्याचं काम नराचं. संथ पाण्यात पिवळ्या फुलाची एखादी काडी वर आलेली दिसली, तर ती सीतेच्या आसवांच्या कुळातली असू शकते. तिच्या बुडालेल्या फांद्यांवर बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडावरच्या केसाला लागला की फुगा त्याला डोळ्याचं पातं लवण्याआधी आत ओढतो. मातीतून न मिळणारं नत्र ही वनस्पती असं मिळवते. सप्टेंबरात कास पठारावर जाऊन फुलं पाहण्यात गैर काही नाही. पण गावच्या तळ्यावर किंवा ओढ्यावर दर पंधरा दिवसांनी एकाच जागी उभं राहणाऱ्याला एका सहलीत कधी न दिसणारी गोष्ट दिसते. ती म्हणजे बदलाचा क्रम.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि रास्त आक्षेप डासांचा. गवत-चिखल ठेवला तर रोगराई येणार नाही का? डेंग्यू पसरवणारा डास टायर, कूलर, उघडी पिंपं अशा साठवलेल्या पाण्यात वाढतो. तळ्याच्या जिवंत काठावर त्याच्या अळ्यांना खाणारे स्थानिक मासे, पाणकिडे आणि चतुराची पाण्यातली पिल्लं टपलेली असतात. सांडपाणी सोडलेलं किंवा जलपर्णीने झाकलेलं तळं मात्र डास पोसतं, हेही मान्य केलं पाहिजे. पण तो दोष काठाचा नव्हे, सांडपाण्याचा. सापांची भीतीही अशीच. पाण्याकाठी दिसणारा दिवड बिनविषारी असतो. आणि कोरडी पडणारी डबकी निरुपयोगी, हा समज तर चतुरच खोडून काढतो. पावसाळ्यानंतर थव्यांनी उडणारा एक पिवळसर चतुर अशाच हंगामी डबक्यांत दीड-दोन महिन्यांत वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचे थवे मालदीवमध्ये दिसतात आणि ते भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, अशी मांडणी 2009 मध्ये चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने केली.

दुसरा आक्षेप सोयीचा: गाळ काढला, दगडी पिचिंग केलं, चालायला फरसबंदी केली तर पाणीही वाढतं आणि गावाला बागही मिळते. गाळ काढायला हरकत नाही. पूर्वीही शेतकरी तो शेतात नेत. हरकत आहे ती चारी बाजू सरळ कापण्याला. पाळीच्या बाजूला खोली वाढवा, तिथेच फिरायची वाट करा, पण समोरचा उतार सोडा. यात कुणाचं नुकसान होत नाही. शिवाय हिरवं ते सगळं चांगलं असंही नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम आणि जलपर्णी काठ गिळतात. गोंदिया-भंडाऱ्यातल्या ढिवर मच्छीमारांनी कार्यकर्त्यांच्या साथीने काही तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, त्या शोभेसाठी नव्हे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने वाढतो, हे त्यांना ठाऊक होतं. निरीक्षण हा रिकाम्या वेळचा छंद आहे असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

तरीही, आपण पाहून काय होणार? 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे बहुतेक गावतळी या नियमांच्या संरक्षणाबाहेर राहतात. मात्र 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तेव्हा एक वही करा. घरट्यापासून लांब राहा, फूल तोडू नका. तारीख, पाण्याची रेषा आणि काठावर दिसलेलं सारं लिहा. एक वर्ष झालं की ती वही ग्रामपंचायतीत न्या आणि आपल्या तळ्याचं पान नोंदवहीत आहे का, ते विचारा. नसेल तर तुमची वहीच पहिलं पान ठरेल.